नळीचा कौल

बाबांचं बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गोकुळदासबाब आमच्या हळर्णच्या घरी बाबांच्या नावाची पाटी घेऊन आले. पितळेची पाटी, तिच्यावर कोरलेलं, 'यशवंत विभाग'. बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, बसता बसता त्यांनी ती आईच्या मांडीवर ठेवली, बारशाला आणलेलं मूल ठेवावं तशी, आणि तिला ती जड होतेय का हे न पाहता चहाच्या कोपाकडे हात नेला.

गोकुळदासबाब डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे मालक. तिथं डॉक्टरांना लागणाऱ्या नळ्या होतात, आणि बाबा त्या नळ्यांची आखणी करत. या शेटच्या घराण्यात आधी खनिजाचे ट्रक होते, मग खनिज नदीतून नेणाऱ्या बार्जी झाल्या. मग कुणीतरी सांगितलं की आजारपणाला मंदी नसते, म्हणून नळ्या झाल्या. गोव्यात भाषेचा वाद पेटला होता तेव्हा ते सकाळी मराठीच्या सभेत पुढच्या रांगेत असत आणि संध्याकाळी कोंकणीच्या. घटकराज्य झाल्यावर दोन्ही बाजूंनी त्यांना शाल घातली. मी पणजीच्या कॉलेजात मराठी शिकवते. त्यामुळे मी दिसले की ते शुद्ध बोलायला लागतात. ते दोन वाक्यं टिकतं.

"वहिनी, यशवंतरावांचे उपकार कारखाना विसरणार नाही," ते म्हणाले. "येत्या दसऱ्याला आम्ही हृदयाच्या नळीचं उत्पादन सुरू करीत आहोत. मशीनीचें बटण तुमी दाबूंक जाय."

आईनं मान वर केली. "मी?"

"तुमीच. लोक किदें म्हणतले तें म्हणूं देत. विधवा, सवाशीण असलें आमी मानीत ना. आमी पुढारलेले."

'विधवा' हा शब्द आमच्या घरात आईला उद्देशून पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा, पुढारलेपणाच्या जोरावर.

पण आईनं तो ऐकलाच नसावा. बाबा गेल्यापासून माणसं तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. शेजारच्या लग्नाची पत्रिका, ती समोर बसलेली असताना, माझ्या हातात दिली गेली होती. आणि आता कुणीतरी म्हणत होतं की एका शुभकार्याला तिचाच हात हवा. तिनं पाटीवरची अक्षरं पदरानं पुसली.

"येईन मी," ती म्हणाली. "यांच्या नावाचं आहे ना ते."

शेटबरोबर त्यांचा भाचा श्रीनाथ आला होता. पुण्याहून पदवी घेऊन आलेला, कारखान्याचा मॅनेजर. त्यानं बॅगेतून एक लांब, दुधी रंगाची नळी काढली आणि साप खेळवावा तशी हातावर खेळवली. "संजनाताय, ही पळे. आमची फायनल."

ती बाबांची नव्हती. हे मला हातात घेण्याआधीच कळलं.

मला इंजिनिअरिंग येत नाही. पण या एका नळीविषयी मी इतकी वर्षं जेवताना ऐकत आले आहे की ती मला अभंगासारखी पाठ आहे. मांडीच्या सांध्यातून रक्तवाहिनीत शिरून ती हृदयापर्यंत जाते. डॉक्टर बाहेरून ढकलणार, पिळणार, आणि आत हातभर लांब असलेलं तिचं टोक त्याप्रमाणे वळलं पाहिजे. म्हणजे हाताशी ती ताठ हवी. पण टोकाशी ती इतकी मऊ हवी की हृदयाला ओरखडा जाऊ नये. नुसतं प्लॅस्टिक हे दोन्ही करू शकत नाही. म्हणून त्याच्या दोन पातळ थरांमध्ये केसाएवढ्या पोलादी तारेची जाळी विणतात. ती जाळी कशी विणायची, हे बाबांचं काम.

एकदा मी म्हणाले होते, टोकाशी मऊ हवी तर तिथं वीण विरळ करायची, त्यात काय. बाबांनी मागीलदारची माडाच्या हिरांची केरसुणी आणली आणि माझ्या पेनातली स्प्रिंग काढून घेतली. "हीर उभे असतात. केरसुणी वाकव बघू. वाकत नाही. आता ही स्प्रिंग. हिची तार आडवी, वेढ्यावेढ्यांची. हवी तशी वाकते, पण चेपत नाही. विरळ विणली की तार उभी होते आणि नळी ताठ. दाट विणली की तार आडवी होते आणि नळी मऊ. उलटंच आहे बाय. दिसतं त्याच्या उलटं." मग त्यांनी वाटीतली सोलकढी संपवली. "आणि एकीतून दुसरीत कुठं गेलो ते नळीला कळता कामा नये. ताठपणा जिथं एकदम संपतो, तिथंच ती मोडते."

त्यासाठी त्यांनी विणणाऱ्या यंत्राला लावायचं एक पोलादी चक्र स्वतः घासून केलं होतं. ते विड्याच्या पानासारखं, एका बाजूला फुगलेलं. ते फिरलं की वीण विरळीकडून दाटीकडे सावकाश सरकायची. मात्र यंत्र सावकाश चालवावं लागे.

श्रीनाथची नळी मी चहाच्या कोपाभोवती गुंडाळली. अर्ध्यापर्यंत ती छान वळली. मग एका जागी कचकन दुमडली आणि चपटी झाली. मी सोडली, तरी तिथं पांढरा वळ राहिला.

"यंत्र थांबवून गिअर बदलता ना तुम्ही?" मी विचारलं. "एका बाजूला विरळ, एका बाजूला दाट, मध्ये काही नाही."

"तेंच तें," श्रीनाथ हसला. "काम बेगीन जाता, अर्द्या वेळांत. आनी संजनाताय, पेशंटाच्या आंगांत चाचो कोप आसता काय?"

"महाधमनीला कमान असते. ती कोपापेक्षा फार मोठी नसते."

"तुमी मराठीच्या मास्तरीण न्हय?"

"हो. म्हणून मला वाक्य कुठं मोडलंय ते कळतं."

गोकुळदासबाबांनी हात वर करून आम्हा दोघांना शांत केलं, सभेत करतात तसं. "अगे बाय, आमकां काळजी ना काय? माझ्या स्वतःच्या काळजात नळी घातली गेल्या वर्षी. बेळगांवांत. पडद्यार दिसत होती, जिवंत! हांवें डॉक्टराक पयलें विचारलें, नळी खंयची? तो म्हणालो, जर्मनीची. मागीर मन शांत झालें."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. आपण काय बोललो हे त्यांच्या कानांपर्यंत पोचलं नाही. श्रीनाथच्या पोचलं असावं, कारण तो नळी बॅगेत भरू लागला.

"आणि ह्या नळीचा विषय आतां संपलो," शेट म्हणाले. "देवीचो कौल झाला. यशवंतरावांच्या समोर झाला."

ते खरं होतं. बाबा जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. बाबांची नळी की श्रीनाथची, हे कारखान्यात ठरेना. डॉक्टरांना दाखवता आल्या असत्या. पाण्यात बुडवून, वाकवून, दाब देऊन पाहता आल्या असत्या. बाबांनी तेच सुचवलं होतं. पण वेळ जातो म्हणून शेटनी दोघांना गाडीत घातलं आणि आमोण्याला देवीकडे नेलं. कौल आमच्याकडे कशासाठीही घेतात, लग्नासाठी, विहिरीसाठी, आजारासाठी. मूर्तीला उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण हृदयात जाणाऱ्या तारेची वीण किती असावी, हे पाकळीला विचारणारी माणसं पृथ्वीच्या पाठीवर आमच्या डिचोलीतच निपजावीत. ते इंग्रजीत छापलेल्या परदेशी माहितीपुस्तिका टेबलावर ठेवतात आणि टेबलाखाली कौल लावतात. त्यांना विज्ञान पटत नाही असं नाही. विज्ञानाचं उत्तर खर्चीक आलं की त्यांना देव आठवतो.

उजवी पाकळी पडली. बाबांनी हात जोडले, नारळाची वाटी घेतली आणि बसनं घरी आले.

"देवीला तारेची वीण कळते?" मी त्या रविवारी विचारलं होतं.

"देवीला जे विचारलं त्याचं उत्तर तिनं दिलं," बाबा म्हणाले. "श्रीनाथनं विचारलं, लवकर होणारी नळी घेतली तर धंद्याला बरकत येईल ना? येईल म्हणाली. चुकीचं विचारलं तर ती काय करणार?"

"मग तुम्ही बरोबर विचारायचं होतं."

ते हसले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाय धुवायला विहिरीवर गेले. सगळं आयुष्य एका नळीवर घालवलेला माणूस. आणि ती नळी त्यानं एका पाकळीच्या नावाखाली सोडून दिली. बाबांवर माझं प्रेम होतं. पण भित्रेपणा भक्तीचं सोवळं नेसून आला की मला तो अधिकच ओंगळ वाटतो, मग तो घरचा का असेना. त्यानंतर त्यांना कावीळ झाली आणि बोलायचं राहूनच गेलं.

आता त्याच नळीवर त्यांचं नाव लागणार होतं आणि आईचा हात. ती मांडीवरच्या पाटीकडे पाहत होती. पाटी परत करा, असं मी म्हणू शकले असते. माझं काही गेलं नसतं. आईचं गेलं असतं.

"आई येईल," मी म्हणाले. "पण बाबांचं नाव लागणार आहे, तर देवीला परत एकदा विचारू."

शेटचा चेहरा उजळला. "पळे! शिकलेली आसून देव मानता."

"कौल जालो न्हय एकदां?" श्रीनाथ म्हणाला.

"तो बरकतीचा झाला," मी म्हणाले. "नळीचा राहिलाय."

"विचारूंया, विचारूंया," शेट उठता उठता म्हणाले. "भियेवपाचें किदें?"

ते गेल्यावर आई उठली. मग पाटी कपाटात ठेवून आली. "उजवा कौल पडला तर?"

"तर तू बटण दाब."

"आणि तू?"

"मी इथं थांबेन."

"म्हणजे मी एकटीनं जायचं," ती म्हणाली, आणि मासळीवाली आली म्हणून बाहेर गेली. सुतक संपलं असलं तरी घरात अजून मासळी शिजत नव्हती. आईनं तिच्याशी नुसत्याच गप्पा मारल्या.

सोमवारी शेटनी गाडी पाठवली. आम्ही आमोण्याला पोचलो तेव्हा ते आणि श्रीनाथ देवळाच्या पायरीवर उभेच होते. शेट अंघोळ करून, रेशमी सोवळ्यात. श्रीनाथच्या हातात नळी, केळीच्या पानात गुंडाळलेली. तिला नैवेद्याचं रूप द्यायची कल्पना कुणाची ते मी विचारलं नाही.

गुरव महादेव म्हातारे आहेत आणि कुणाला भीत नाहीत. "शेट, परत आयले? देवी म्हणतली, ह्या मनशाक माझ्याबगर दुसरो मॅनेजर ना काय?"

"यशवंतरावांच्या घरच्यांची इत्सा," शेट म्हणाले.

महादेवनी ताम्हनातलं पाणी बोटांनी ढवळलं, पाकळ्या भिजत घातल्या. "सांगा. काय विचारपाचें? एकूच गजाल विचारात, दोन विचारूं नाकात. आनी जाचें काम ताणेंच आपल्या तोंडान सांगचें. मागीर हांव देवीक गाऱ्हाणें घालतां."

श्रीनाथ पुढं झाला. "ही नळी बाजारांत..."

"श्रीनाथ नाही," मी म्हणाले. "कारखाना गोकुळदासबाबांचा आहे. ते विचारतील."

"हांवच विचारतां," शेट म्हणाले आणि छाती काढून मूर्तीसमोर उभे राहिले. "सांग गे बाय, कसें विचारूं?"

"साधं विचारा. 'देवी, उद्या माझ्या काळजात परत नळी घालायची वेळ आली, तर हीच घालून घेऊ का?'"

गाभाऱ्यात समईची वात तडतडत होती. महादेवनी पाकळी उचलून मूर्तीच्या उजव्या खांद्यापाशी नेली आणि मान वळवून शेटकडे पाहिलं. शेटचे ओठ हलले. आवाज आला नाही.

हा माणूस कोणत्याही सभेत, कोणत्याही भाषेत, न सांगता अर्धा तास बोलतो.

"तशें कित्याक," शेवटी ते म्हणाले. "विचारूंया, ह्या नळीन सगळ्यांचें बरें करूं?"

"तें देवी न विचारतां करता," महादेव म्हणाले. "ताका पाकळी कित्याक लावूं?"

"मामा, जर्मनीची मेळताच की," श्रीनाथ हळूच म्हणाला. "आपलेर वेळ आयलीच जाल्यार..."

"गप रे तूं!"

मग बोलली ती आई. तिनं हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि आवाजात टोमण्याचा लवलेशही नव्हता. देवी उत्तर देईल यावर त्या गाभाऱ्यात तिचा एकटीचाच विश्वास होता.

"विचारा ना शेट," ती म्हणाली. "देवी खोटं नाही सांगायची. एकदा तिनं हो म्हटलं की यांचा जीवही शांत होईल."

शेटचा हात सोवळ्यावरून छातीकडे गेला. डावीकडे. तिथं तो थांबला. मला वाटलं होतं, ते चिडतील, मला बोलतील, निदान एखादं खोटं कारण काढतील. त्यांना फक्त भीती वाटली. देवीवर विश्वास आहे असं जन्मभर सांगणारा माणूस तिनं खरंच उत्तर दिलं तर काय करायचं या विचारानं घामेजला होता. डावी पडली तर त्यांना नळी बदलावी लागली असती. आणि उजवी पडली तर? उजवी पडली तर ती घालून घ्यावी लागली असती.

"शेट," महादेव म्हणाले, "पाकळी सुकता."

गोकुळदासबाब एक पाऊल मागं आले. "देवीक उगीच त्रास कित्याक दिवप," ते म्हणाले. आणि मग श्रीनाथकडे न बघता, "यशवंतरावांचें तें चक्र खंय आसा?"

"स्टोरांत."

"काड तें. लाय मशीनीक."

"मामा, मशीन निम्म्या वेगान चलतली!"

"चलूं दी. बरकत येतली म्हणून देवीन पयलींच सांगलां न्हय? ती येतलीच."

महादेवनी पाकळी परत ताम्हनात टाकली आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दसऱ्याला आम्ही दोघी डिचोलीला गेलो. यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेटनी भाषण केलं. देवीनं स्वप्नात येऊन आपल्याला यशवंतरावांची नळी दाखवली, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. शुद्ध मराठीत, दोन वाक्यांपेक्षा जास्त. श्रीनाथनं टाळ्या वाजवल्या. भिंतीवरच्या नव्या पाटीवर बाबांच्या नावाच्या वर देवीचं नाव आलं होतं आणि खाली शेटचं. समई शेटच्या पत्नीनं लावली, नारळ तिनंच वाढवला, आणि मुहूर्ताची वेळ नीट सरून गेल्यावर पुढारलेल्या मंडळींनी आईला पुढं बोलावलं. तिला ते कळलं. माझ्याकडे बघून तिनं डोळ्यांनीच 'असू दे' म्हटलं.

तिनं बटण दाबलं. तारेच्या रिळांनी एकमेकांभोवती फेर धरला, इतका सावकाश की ती मला म्हणाली, "सुरू झालं की बंद पडलं?"

"सुरू झालं. हे असंच चालतं."

"यांच्यासारखं," ती म्हणाली.

बाजूला ते पोलादी पान फिरत होतं. त्याच्या कडेवर कानशीचे बारीक ओरखडे होते, बाबांच्या हातचे. कौलाच्या दिवशी हे चक्र सोडून देऊन बाबा देवळातून गप्प घरी आले होते. ते मला अजूनही भित्रेपणच वाटतं, आणि 'चुकीचं विचारलं तर ती काय करणार' या त्यांच्याच वाक्यावर मी शेटना गप्प केलं म्हणून ते शौर्य ठरत नाही. माणूस गेला म्हणून त्याचे दोष चांगले करून घ्यायची गरज मला वाटत नाही. पण ते समोर असते तर मी हे त्यांना सांगितलं असतं, आणि ते हसून पाय धुवायला गेले असते. आता सांगायचं कुणाला?

यंत्रावर प्रमोद म्हणून कोल्हापूरकडचा कारागीर होता. जाळीवरचा वरचा थर चढवून झालेली पहिली नळी त्यानं शेटकडे न देता आईच्या हातात दिली. "काकी, बघा. सायबांची."

आईनं चष्मा काढून ठेवला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत नळी धरून ती ताठ टोकाकडून मऊ टोकाकडे, तांदळातला खडा चाचपावा तशी, हळूहळू सरकत गेली. टोकाशी पोचली. परत मागं आली. पुन्हा गेली.

"कुठं बदलते गो?" तिनं विचारलं.

"कळत नाही," मी म्हणाले.

तिकडून शेट हाक मारत होते, फोटोसाठी. आईनं लक्ष दिलं नाही. डोळे मिटून ती पुन्हा पहिल्या टोकापासून शोधू लागली, आणि मी तिचा चष्मा हातात धरून उभी राहिले.